बोस्टनची 'डक' सफर आणि बॅकबे डेपोचे आमचे बाबा

नीलाक्षी_बॉ (धागाकर्ती)

आई-बाबा एप्रिलमध्ये मुंबईहून आले, तेव्हापासून बाबांना कुठे न्यावं हे मला सुचत नव्हतं. आई कुठेही रमते. लायब्ररीत गेली तरी तिला मराठी बोलणारं कोणीतरी सापडतं. बाबा मात्र सकाळी पावणेआठला खिडकीत उभे राहायचे आणि पिवळी स्कूलबस बघायचे. बस थांबली की तिच्या अंगाची लाल पाटी उघडते आणि दोन्ही दिशांच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. ते बघून त्यांना दिवसभराचं समाधान मिळायचं. बाकी म्युझियम, मॉल, बागा वगैरे ठिकाणी ते आमच्या समाधानासाठी यायचे.

बाबा ३१ वर्षं बेस्टमध्ये बसचालक होते. आधी बरीच वर्षं कुर्ला डेपो, शेवटची सहा वर्षं बॅकबे डेपो.

मागच्या शनिवारी आम्ही सगळे, म्हणजे आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि आई-बाबा, बोस्टन डक टूर्सच्या सफरीला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी. दुसऱ्या महायुद्धातल्या उभयचर ट्रकच्या धर्तीवर बांधलेली. साधारण ८० मिनिटांची फेरी असते. त्यातली तासभर शहराच्या रस्त्यांवरून आणि वीसेक मिनिटं चार्ल्स नदीत. आम्ही प्रुडेन्शियल सेंटरहून बसलो. सायन्स म्युझियम आणि ॲक्वेरियमकडूनही सुटतात. प्रत्येक गाडीला नाव असतं. आमची होती 'बीनटाउन बेटी'.

गाडी उंच असते, चढायला जिना. आईचे गुडघे दुखतात, पण कठडा धरून ती सावकाश चढली. बाबा चढायच्या आधी पुढच्या चाकाशी थांबले, वाकून आत बघितलं, आणि मग चढले. बसल्यावर मला विचारलं, "डबल बेल कोण देतो?" चालक वेगळा आणि माहिती सांगणारा वेगळा, हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. बेस्टच्या प्रत्येक गाडीत चालकाशी बोलू नये अशी पाटी असायची, आणि ती पाटी बाबांनी घरी आमच्यावरही लागू केलेली होती.

कोपली चौकात ट्रिनिटी चर्चसमोर गाडी हळू झाली. सांगणारा म्हणाला, या वस्तीला 'बॅक बे' म्हणतात. बाबांनी माझं मनगट धरलं. "काय म्हणाला? बॅकबे?"

मी त्यांना सगळं मराठीत सांगत गेले. इथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी खाडीच होती. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. १८५०च्या दशकाच्या अखेरीस भर घालायला सुरुवात झाली. नऊ मैलांवरच्या नीडम गावातून रेती-खडी भरलेल्या आगगाड्या रात्रंदिवस यायच्या, आणि त्यावर ही सरळ रेषेतली घरं उभी राहिली. ते दगडी चर्च जमिनीत ठोकलेल्या साधारण साडेचार हजार लाकडी खांबांवर उभं आहे. हे खांब पाण्याखाली भिजलेले आहेत तोवर टिकतात. जमिनीतलं पाणी उतरून ते उघडे पडले की कुजायला लागतात.

बाबा बराच वेळ चर्चकडे बघत राहिले. मग लेकीला म्हणाले, "मी बस काढायचो ना, त्या डेपोचं नावसुद्धा बॅकबे. तिथेही खाली समुद्रच होता. आपलीही भरच आहे ती."

बाबांच्या नोकरीची शेवटची सहा वर्षं आमच्या घरात बॅकबे डेपो हे दोन शब्द रोज ऐकू यायचे. बाबांची ड्युटी, बाबांचा डबा, बाबांची पाळी. पण त्या नावाचा अर्थ 'मागची खाडी' आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. नकाशावरून उठलेल्या पाण्याचं ते नाव आहे, आणि तेच नाव दोन शहरांत, दोन भरलेल्या जागांना आहे.

मग स्टेट हाउसचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट (महायुद्धात विमानांना दिसू नये म्हणून तो रंगवून झाकला होता), बोस्टन कॉमन ही जुनी बाग, जुनी कब्रस्तानं. हा भाग भरभर गेला, आणि तो तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मुलं रस्त्यावरच्या लोकांना 'क्वॅक क्वॅक' ओरडत होती आणि लोकही उलट ओरडत होते. आईने तिसऱ्या सिग्नलपासून सुरुवात केली.

मला लिहायचंय ते उताराबद्दल.

सायन्स म्युझियमच्या बाजूला गाडी नदीकडे वळली आणि समोर सरळ पाण्यात जाणारा उतार दिसला. २६ जुलै २००५ ला बाबा कुर्ल्याला होते. त्यांची बस एलबीएस मार्गावर अडकली, पाणी पायऱ्यांवर चढलं, इंजिन बंद पडलं. रात्रभर ते प्रवाशांबरोबर बसमध्ये बसून होते. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीही कळलं नव्हतं. तेव्हापासून त्यांचा एक नियम आहे, आणि माझ्या नवऱ्यालाही तो तोंडपाठ आहे: पाणी किती आहे ते कळल्याशिवाय गाडी घालायची नाही.

आणि इथे एक चालक प्रवासी भरलेली गाडी शांतपणे पाण्यात घालत होता. मी बाबांच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय फळीवर घट्ट दाबलेला, ब्रेक मारतात तसा. पाणी दोन्ही बाजूंनी उसळलं, मुलं किंचाळली, गाडी एकदा पुढे झुकली आणि तरंगायला लागली. बाबांनी कान देऊन ऐकलं. मग पाय सैल सोडला आणि म्हणाले, "इंजिन चालूच आहे."

नदीतून लाँगफेलो पूल दिसतो. त्याचे बुरूज मीठ-मिरीच्या डब्यांसारखे आहेत, म्हणून त्याला तेच नाव पडलंय. वरून मेट्रो जात होती. पलीकडे एमआयटी विद्यापीठ. पाण्यावर मुलांना थोडा वेळ चाक धरायला देतात, चालक शेजारी असतो. लेकीने धरलं. तिने चालकाला सांगितलं की माझे आजोबा बस चालवायचे, तेव्हा त्याने बाबांनाही बोलावलं. बाबा उठले नाहीत. हात जोडले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याच हातात राहू दे. मी इथून बघतो."

उतरल्यावर सगळे निघून जाईपर्यंत बाबा थांबले. मग त्यांनी गाडीला पूर्ण फेरी मारली. टायर, मागचा पंखा, सुकाणू, अंगावरून अजून ठिबकणारं पाणी. शेवटी चालकाशी हस्तांदोलन केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी हाताने वळणाची खूण केली, चालकाने हसून मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अरुंद गल्लीत वळवताना मागची चाकं कुठून जातात हे त्याला बघावं लागत नाही. माहीत असतं."

आता त्यांचे प्रश्न संपत नाहीयेत. इंजिन भिजत कसं नाही? चाकं पाण्यात फिरतात का? आत पाणी शिरलं तर काय? मला उत्तरं येत नाहीत. इथे कोणाला येत असतील तर कृपया लिहा, मी त्यांना वाचून दाखवते.

शर्वरी

नीलाक्षी, पाय दाबल्याचं वाचून अंगावर काटा आला. माझे काका त्या दिवशी कलिन्यात अडकले होते.

प्रश्न: सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, जिना जमेल का? आणि मध्ये उतरून बाथरूमला जाता येतं का?

नीलाक्षी_बॉ

शर्वरी, मध्ये उतरवत नाहीत, आणि गाडीत सोय नाही. आधीच जाऊन यायचं. जिन्याबद्दल तिकीट काढतानाच विचार, अडचण सांगितली तर ते कोणत्या ठिकाणाहून कसं चढता येईल ते सांगतात. आणि सासूबाईंसाठी स्वेटर नक्की घे. मे महिना असला तरी नदीवर वारा बोचतो, आईने माझी ओढणी कानाला गुंडाळली.

खडकीकर

मी बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलातून निवृत्त झालो. खडकीलाच राहतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचे प्रश्न अगदी बरोबर आहेत.

आधी नाव. मूळ गाडीचं नाव बदकावरून आलेलं नाही. जनरल मोटर्सची चार अक्षरी सांकेतिक खूण होती: डी म्हणजे १९४२ सालची रचना, यू म्हणजे उभयचर, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही आस चालते. ही चार अक्षरं एका दमात म्हटली की 'डक' असं ऐकू येतं, म्हणून सैनिकांनी बदक करून टाकलं.

आता यंत्र. साध्या अडीच टनी लष्करी ट्रकचा सांगाडा घेतला आणि त्याभोवती नावेचं पोट बांधलं, असं समजा. इंजिन त्या पोटात कोरडं बसलेलं असतं. पाणी बाहेर, हवा वरून. रस्त्यावर सहाही चाकांना ताकद मिळते, पाण्यात मागचा पंखा ढकलतो आणि सुकाणू चालकाच्या त्याच चाकाला जोडलेलं असतं, म्हणजे हात तेच काम करतात. उतार चढून बाहेर येताना पंखा आणि चाकं दोन्ही चालू ठेवतात, कारण चाकांना जमीन नेमकी कुठे लागेल ते वरून दिसत नाही. आत पाणी उपसायचा पंप एवढा जबरदस्त होता की पोटाला दोन इंचाचं भोक पडलं तरी ती तरंगत राहायची. आणि बाबांना हे नक्की सांगा: चालक बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करू शकायचा. वाळूवर हवा उतरवायची, डांबरी रस्त्यावर भरायची. बस चालवणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळेल.

पाण्यात वेग फार नाही, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर ऐंशी.

बोस्टनशी तिचं नातं सफरीपेक्षा जुनं आहे. आराखडा करणाऱ्यांत नौका बांधणारे रॉड स्टीफन्स होते आणि एमआयटीतून आलेला फ्रँक स्पीअर हा तरुण अधिकारी होता. सैन्याला ही गाडी नको होती. १९४२ च्या डिसेंबरात प्रॉव्हिन्सटाउनजवळ, म्हणजे बोस्टनसमोरच्या केप कॉडच्या टोकाला, तिची चाचणी ठरली होती. नेमकी त्याच सुमारास तटरक्षक दलाची एक नौका वादळात वाळूच्या दांड्यावर अडकली. दुसरी कुठलीही होडी जाऊ शकत नव्हती, ही गाडी गेली आणि सात जणांना घेऊन आली. त्यानंतर कोणी नको म्हटलं नाही. सुमारे २१,००० गाड्या बनल्या. १९४३ ला सिसिली, १९४४ ला नॉर्मंडी.

नीलाक्षी_बॉ

खडकीकर काका, मनापासून धन्यवाद. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. टायरच्या हवेवर म्हणाले, "हे आमच्याकडे असतं तर पावसाळ्यात अर्धे प्रश्न सुटले असते." आणि सात जणांवर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी नकाशात प्रॉव्हिन्सटाउन कुठे आहे ते विचारलं.

मीनल_जे

लेख सुंदर आहे, पण मला मनातलं बोलायचंय. २०१८ मध्ये मिसुरीतल्या ब्रॅन्सनजवळ तलावात अशीच गाडी बुडाली. ३१ पैकी १७ जण गेले, त्यात एकाच कुटुंबातले नऊ. मी तेव्हा त्याच राज्यात राहत होते. त्यानंतर मुलांना घेऊन अशा गाडीत बसायचं माझ्याकडून होत नाही. तुम्ही हा विचार केला होता का?

नीलाक्षी_बॉ

केला होता, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. धाग्यात हे असायलाच हवं.

ब्रॅन्सनला वादळाचा इशारा आधीच दिलेला होता आणि तरीही गाडी पाण्यात उतरवली. त्याआधी १९९९ मध्ये आर्कान्सामध्ये १३ जण गेले होते. तेव्हाच तपास यंत्रणेने सांगितलं होतं की वरचं छत माणसांना अडकवतं आणि आत पाणी भरलं तरी गाडी तरंगेल अशी सोय हवी. जवळजवळ वीस वर्षं ते पुरेसं ऐकलं गेलं नाही, ह्याचा मलाही राग येतो.

मी जायच्या आधी हवामान बघितलं, वारा असता तर तिकिटाचे पैसे सोडून दिले असते. चार्ल्सचा हा भाग बांधांनी अडवलेला आहे, दोन्ही काठ जवळ दिसतात. आत बसल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि बाहेर कसं पडायचं ते सांगितलं तेव्हा मुलांना गप्प बसवून ऐकायला लावलं. रस्त्यावरचाही धोका असतो. २०१६ मध्ये बोस्टनमध्येच अशा गाडीची धडक बसून एका स्कूटरवाल्या तरुणीचा जीव गेला. त्यानंतर राज्याने कायदा केला, म्हणून आता चालवणारा आणि बोलणारा वेगळे असतात आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यांसाठी कॅमेरे असतात. एवढं करूनही तुम्हाला नको वाटलं तर ते मला पूर्ण समजतं. जाऊ नका.

मीनल_जे

इतक्या नीट उत्तराबद्दल आभारी आहे. सध्या तरी मी काठावरूनच बघेन.

अमेय_७७

मला वाटतं बोस्टन बघायचं तर पायी. फ्रीडम ट्रेल, म्हणजे ऐतिहासिक जागा जोडणारी वाट, तिची लाल रेघ धरून चालत सुटा, चार किलोमीटर, १६ ठिकाणं, चालायला एक पैसा लागत नाही. गाडीतून ओरडत फिरण्यात शहर कळत नाही.

नीलाक्षी_बॉ

अमेय, ती रेघ मी स्वतः तीनदा चालले आहे आणि मलाही ती फार आवडते. पण आईचे गुडघे आणि पाच वर्षांचं मूल घेऊन चार किलोमीटर होत नाहीत. आणि ती रेघ बॅक बेमध्ये येतच नाही. पाण्यातून शहराकडे बघणं हा भाग पायी मिळणार नाही.

सिंगापुरी_सांज

आमच्याकडे सिंगापूरलाही डक सफर आहे. इथल्या गाड्या वेगळ्या जातीच्या, व्हिएतनाम युद्धातल्या. मरीना बेच्या पाण्यात उतरतात. गंमत म्हणजे ते पाणीही आता समुद्राचं नाही. २००८ मध्ये मुखाशी बंधारा घातला आणि आत गोड्या पाण्याचा साठा केला. चार्ल्सचंही तसंच आहे का?

तळकोकण

हो, अगदी तसंच. चार्ल्सच्या मुखाशी १९१० मध्ये धरण पुरं झालं. त्याआधी दिवसातून दोनदा भरती आत यायची आणि ओहोटीला चिखल उघडा पडून वास सुटायचा. सायन्स म्युझियम त्याच जुन्या धरणावर उभं आहे. म्हणजे नीलाक्षीताई ज्या पाण्यात उतरल्या ते माणसाने थांबवलेलं पाणी, आणि ज्या रस्त्यावरून आल्या ती माणसाने केलेली जमीन.

बॅक बेची आणखी एक गोष्ट सांगतो. १९१३ मध्ये बॉइल्स्टन रस्त्याखाली भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू असताना खोल चिखलात लाकडी खुंटांच्या रांगा सापडल्या. काही हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ लोकांनी खाडीत खुंट रोवून, मध्ये फांद्या विणून मासे अडवले होते. भरतीला मासे आत, ओहोटीला पाणी गेलं की मासे मागे राहिले. आमच्या खाडीत अजून कोणी कोणी खुंट रोवून जाळी लावतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती जागा एकदम ओळखीची वाटली.

मुंबईच्या बॅकबेबद्दल: तिथली भर १९२०च्या दशकातली. खर्च भलताच वाढला, गाळ काढायचं काम फसलं, आणि त्यातला गैरकारभार वकील खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच भरीच्या टोकाला नरिमन पॉइंट हे त्यांचंच नाव मिळालं. बाबा हे नाव बसच्या पाटीवर रोज वाचत असणार.

शर्वरी

तळकोकण, बर्फाचंही सांगा ना. मागे एका धाग्यावर तुम्ही लिहिलं होतं.

तळकोकण

थोडक्यात. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर आसपासच्या तळ्यांतला हिवाळ्यातला बर्फ कापून जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये त्याने लाकडाच्या भुशात गुंडाळून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही शंभर टनांच्या आसपास उरला होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही यायचा. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे, विवेकानंद १८९७ मध्ये तिथेच राहिले होते. बोस्टनच्या धक्क्यावरून मुंबईच्या धक्क्यावर तळ्याचं पाणी यायचं, तेही घट्ट अवस्थेत.

नीलाक्षी_बॉ

आईला बर्फाचं सांगितलं. ती गिरगावची. म्हणाली, तिच्या आजीच्या तोंडी 'विलायती बर्फ' असा शब्द होता, आणि आजी सरबत फार थंड लागलं की म्हणायची. कुठून आला ते कोणाला माहीत नव्हतं. आता ती लेकीला तळं दाखवायला न्यायचं म्हणतेय.

बाबांना नरिमनांचं वाचून दाखवलं. म्हणाले, "पाटी लावायचो, माणूस माहीत नव्हता."

ते पुढच्या बुधवारी परत जातायत. नायगावला त्यांच्या जुन्या सोबत्यांचा कट्टा रोज सकाळी भरतो, तिथे सांगण्यासाठी त्यांनी वहीत गाडीचं चित्र काढलंय. सहा चाकं, पंखा, सुकाणू सगळं आहे. पण पंखा नेमका कुठल्या कोनात बसवलाय आणि मागच्या आसाच्या किती वर आहे ते त्यांना आठवत नाही, आणि मी काढलेल्या फोटोंत सगळी माणसंच आहेत. बोस्टनमधलं कोणी ह्या शनिवार-रविवारी जाणार असेल तर गाडी उभी असताना मागून, खालच्या अंगाने एक फोटो काढाल का?

अमेय_७७

रविवारी सकाळी ॲक्वेरियमकडे जाणार आहे, मुलीचा हट्ट. काढतो. बाबांना विचारून ठेव, एकाच बाजूने हवाय की दोन्ही?

नीलाक्षी_बॉ

विचारलं. दोन्ही. आणि जमलं तर गाडी पाण्यातून नुकतीच बाहेर आलेली असताना, म्हणजे पाणी कुठून गळतं ते दिसेल.